पाटीवरचे नाव : चिक चॉकलेट आणि आपल्या गाण्यांचा राहून गेलेला इतिहास

#थ्रेड #संगीतइतिहास

१/
१९५१ हे एकच वर्ष घ्या. त्या वर्षीच्या ‘नादान’ या चित्रपटाला संगीत दिग्दर्शक म्हणून ज्यांचे नाव लागले, त्याच गृहस्थांनी त्याच वर्षीच्या ‘अलबेला’साठी सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून काम केले. ‘नादान’ आज जुन्या तबकड्या जमविणाऱ्यांखेरीज फारसा कोणाला आठवत नाही. ‘अलबेला’ची गाणी मात्र वरातीत बँडवाले अजूनही वाजवितात आणि आजोबांपासून नातवापर्यंत सगळे त्यावर नाचतात. एकीकडे नाव आहे, पण कोणाला ठाऊक नाही. दुसरीकडे नाद सर्वांना ठाऊक आहे, पण त्यामागचे नाव नाही.

२/
हे गृहस्थ म्हणजे चिक चॉकलेट. खरे नाव आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, गाव बारदेशातील हळदोणे, गोवा. ट्रम्पेटवादक, वाद्यवृंदाचे प्रमुख आणि संयोजक. मुंबईच्या हॉटेलांत त्यांना ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणत.

हा थ्रेड त्यांच्या कारकिर्दीवर आहे. त्याचबरोबर तो एका मतासाठीही आहे, आणि ते मत आधीच सांगून टाकतो : चित्रपटगीतांचा जो इतिहास आपण वाचतो आणि पुढे पाठवितो, तो पाटीवरच्या नावांचा इतिहास आहे, प्रत्यक्ष कामाचा नाही.

३/
नेहमीच्या वाचकांना प्रश्न पडेल की किल्ले, शिलालेख आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम यांवर लिहिणारा भोकरचा माणूस एकदम जॅझवर कसा घसरला. उत्तर होट्टलमध्ये आहे. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे पाहताना प्रत्येकाच्या मनात येते की हे कोरले कोणी? शिलालेख राजाचे नाव सांगतात, अधिकाऱ्याचे सांगतात, दान देणाऱ्याचे सांगतात. छिन्नी धरणाऱ्याचे नाव अशा लेखांत क्वचितच सापडते. आठ-नऊशे वर्षांपूर्वीची ही रीत आपण समजून घेतो. परंतु जे काम ध्वनिमुद्रित झाले आणि ज्यांच्यासोबत वाजविलेली माणसे परवापरवापर्यंत हयात होती, तेथेही हेच व्हावे?

४/
प्रथम ‘संयोजक’ म्हणजे कोण ते पाहू. स्टुडिओच्या बोलीत ‘अरेंजर’.

संगीतकार पेटीवर चाल बसवितो. ती चाल म्हणजे एक ओळ. तिच्याआधी कोणती वाद्ये वाजतील, दोन कडव्यांच्या मधल्या जागेत काय घडेल, गायक श्वास घेतो त्या क्षणी मागे व्हायोलिन काय म्हणतील, ट्रम्पेट कोठे कडाडेल, ट्रॉम्बोन खालून कसा सरकत येईल, हे सारे कोणीतरी ठरवून प्रत्येक वादकासमोर कागदावर लिहून ठेवावे लागते. चाळीस-पन्नास वादक एका खोलीत बसलेले, ध्वनिमुद्रण एका दमात व्हायचे. तेथे अंदाजाने वाजवून भागत नाही.

५/
या कामाचा जन्म १९२० च्या दशकातील न्यूयॉर्कमधला. फ्लेचर हेंडरसन हा कृष्णवर्णीय वाद्यवृंदप्रमुख, मूळचा रसायनशास्त्राचा पदवीधर. त्याच्या वाद्यवृंदात डॉन रेडमन संयोजन करी. त्यांनी वादकांचे गट पाडले : एकीकडे सॅक्सोफोन आणि क्लॅरिनेट, दुसरीकडे ट्रम्पेट आणि ट्रॉम्बोन. एका गटाने विचारायचे, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. मधूनच एकट्या वादकाला मोकळे रान. आपल्याकडच्या सवाल-जवाबाची आठवण यावी अशी ही मांडणी. १९२४ मध्ये तरुण लुई आर्मस्ट्राँग याच वाद्यवृंदात आला आणि त्याच्या ट्रम्पेटने सगळ्यांची लय बदलून टाकली. पुढे ज्याला ‘स्विंग’ म्हटले गेले त्याचा पाया येथे पडला.

६/
आणि नावाचा प्रश्नही येथेच सुरू झाला. हेंडरसनला पैशांची ओढगस्त होती. १९३४ पासून त्याची संयोजने बेनी गुडमन या गोऱ्या क्लॅरिनेटवादकाकडे जाऊ लागली. २१ ऑगस्ट १९३५ रोजी लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये गुडमनच्या वाद्यवृंदाने तरुण श्रोत्यांना अक्षरशः वेडे केले. स्विंग युगाचा आरंभ म्हणून हीच तारीख पाठ्यपुस्तकांत येते. ‘स्विंगचा राजा’ ही पदवी गुडमनला मिळाली. गुडमनने हेंडरसनचे ऋण कधी लपविले नाही, हे त्याच्या बाजूने सांगितलेच पाहिजे. तरीही राजा एकच झाला.

७/
याउलट ग्लेन मिलर पाहा. हा ट्रॉम्बोनवादक. ट्रॉम्बोन म्हणजे ज्याची नळी पुढेमागे सरकवून सूर बदलतात ते लांब पितळी वाद्य. वादक म्हणून आपण टॉमी डॉर्सीच्या तोडीचे नाही हे त्याला ठाऊक होते. त्याचे खरे बळ संयोजनात. वर क्लॅरिनेटने चाल धरायची, तीच चाल टेनर सॅक्सोफोनने एक सप्तक खाली वाजवायची आणि उरलेल्या सॅक्सोफोननी मधली जागा भरायची. एवढ्या एका युक्तीवर १९३९ पासून त्याचा वाद्यवृंद अमेरिकेत सर्वाधिक लोकप्रिय झाला. १५ डिसेंबर १९४४ रोजी इंग्लिश खाडीवर त्याचे विमान नाहीसे झाले. त्याचे नाव मात्र आजही जगाला ठाऊक आहे.

८/
हेंडरसन आणि मिलर दोघेही संयोजक. एकाचे नाव अभ्यासकांपुरते राहिले, दुसऱ्याचे घरोघर पोहोचले. कातडीच्या रंगाचा वाटा यात मोठा आहे, तो नाकारता येणार नाही. पण त्याच्या जोडीला आणखी एक साधे कारण आहे : मिलरचे संयोजन मिलरच्याच वाद्यवृंदाच्या नावाने वाजले, तर हेंडरसनचे गाजले ते दुसऱ्याच्या नावाने. पाटी कोणाची, यावर नाव ठरले. हे सूत्र लक्षात ठेवा. आता मुंबईला येऊ.

९/
१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यामागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आले. वेदरफर्ड तर हिंदुस्थानातच राहिला. १९४५ मध्ये कलकत्त्यात पटकीने त्याचा अंत झाला. या मंडळींजवळ बसून, त्यांचे ऐकून, त्यांच्यासोबत वाजवून गोव्याच्या तरुणांनी जॅझ उचलला.

१०/
गोव्याचेच तरुण का? कारण त्यांना लिहिलेले सूर वाचता येत. पोर्तुगीज अमलात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिनसारखी वाद्ये शिकवीत. गावात उपजीविकेची साधने तुटपुंजी. मग हे शिक्षण घेऊन मुले ब्रिटिश हिंदुस्थानात उतरत. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास गोव्यातील गावागावांच्या ‘कूड’ होत्या, म्हणजे त्या गावच्या लोकांची सामाईक राहण्याची जागा. तेथे ट्रंक टेकवायची आणि काम शोधायचे. हॉटेले, नाचाचे जलसे, मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी बसून वादन, संस्थानिकांचे बँड, लष्करी बँड. रंगून ते लाहोर, कोठेही गोव्याचा वादक सापडे.

११/
आंतोनियो वाझ यांनी यातून आपली वेगळी मूर्ती घडविली. आर्मस्ट्राँग हा त्यांचा आदर्श. त्याच्यासारखे वादन, त्याच्यासारखा खर्जातला आवाज, रुमालाने घाम टिपण्याची लकबही तीच. ‘चिक चॉकलेट’ या नावातच एक जाहिरात होती. १९४० च्या दशकात ते मुंबईतील आघाडीच्या वाद्यवृंदांपैकी एकाचे प्रमुख होते. ताजमध्ये मिकी कोरिया यांचा वाद्यवृंद दोन दशके वाजत राहिला, रूडी कॉटन हे सॅक्सोफोनवादक (मूळ नाव कावसजी खटाव, पारशी गृहस्थ) स्वतःचा संच चालवीत. या स्पर्धेत चिक आपल्या पाटीवर उभे होते. हॉटेलाच्या जाहिरातीत त्यांचे नाव सर्वांत वर असे.

१२/
मग ही माणसे चित्रपटाच्या स्टुडिओत का गेली?

एक, १९४७ नंतर हॉटेलांचा गोरा गिऱ्हाईकवर्ग निघून गेला. दोन, मुंबई प्रांतात दारूबंदी आली. १९४९ च्या कायद्याने तर नाचाच्या जलशांचा कणाच मोडला, कारण हॉटेलाला वाद्यवृंद परवडतो तो पेयांच्या विक्रीवर. तीन, चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते आणि दिवसाच्या पाळीवर रोख पैसे मिळत. रात्री हॉटेल, दिवसा स्टुडिओ असे आधी, पुढे पुढे मुख्यतः स्टुडिओच.

१३/
आता दुसरा माणूस. रामचंद्र नरहर चितळकर, जन्म १२ जानेवारी १९१८, पुणतांबे, जुना अहमदनगर जिल्हा. नांदेडला जी गोदावरी वाहते तीच वरच्या अंगाला पुणतांब्याच्या घाटाला लागून येते. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रोक्त गाणे शिकलेला हा मुलगा नट व्हायला निघाला आणि पेटीवाला झाला. १९४२ मध्ये मास्टर भगवान यांच्या ‘सुखी जीवन’ला त्यांनी संगीत दिले. पुढे ‘अलबेला’त हीच जोडी होती. तरुण वाचकांना सी. रामचंद्र बहुधा २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत लताबाईंनी गायलेल्या, हुतात्मा सैनिकांवरील गीतामुळे ठाऊक असतील.

१४/
या माणसाला बाहेरच्या संगीताचे विलक्षण आकर्षण होते. बेनी गुडमनचा प्रभाव त्यांच्या गाण्यांत दिसतो असे संगीताचे जाणकार मानतात. म्हणजे साखळी अशी : न्यूयॉर्कमध्ये हेंडरसनने लिहिले, गुडमनने वाजविले, तबकडीवरून ते मुंबईला आले, पुणतांब्याच्या मुलाने ऐकले. आणि त्याला जे ऐकू आले ते प्रत्यक्ष हातांत उतरवून देणारा माणूस सापडला तो हळदोण्याचा, ज्याचा गुरू आर्मस्ट्राँग एके काळी हेंडरसनच्याच वाद्यवृंदात होता. दोन्ही वाटा एकाच दारातून निघालेल्या.

१५/
१९४७ च्या ‘शहनाई’तील रविवारच्या भेटीचे आमंत्रण देणारे गाणे लोकांनी डोक्यावर घेतले आणि शुचितावाद्यांनी नाके मुरडली. १९५० च्या ‘समाधी’ची कथा आझाद हिंद सेनेची. त्यात नलिनी जयवंत आणि कुलदीप कौर यांचे जे खेळकर द्वंद्वगीत आहे, त्याची चाल ‘डॉल फेस’ या १९४५ च्या अमेरिकन चित्रपटातील एका लॅटिन अमेरिकन ढंगाच्या गीतावरून घेतलेली. सुभाषबाबूंची सेना आणि पोर्तो रिकोचा ठेका! मला यात विसंगती वाटत नाही. त्या पिढीच्या कानांत हे दोन्ही एकाच वेळी होते, इतकेच.

१६/
आणि ‘अलबेला’. यात सी. रामचंद्रांची खरी मोठेपणाची खूण मला अशी दिसते की रंबा आणि स्विंग यांच्या धुमाळीत त्यांनी पिलूच्या अंगाची एक अंगाईही ठेवली, आणि दोन्ही एकाच चित्रपटात शोभून दिसतात. चाल, शब्दांची फेक, ‘चितळकर’ या नावाने स्वतः केलेले गायन हे सारे त्यांचे. चिक चॉकलेट यांची बाजू मांडताना सी. रामचंद्रांना चोर ठरविण्याचा मोह काही जणांना होतो. तो मोह इतिहासाचा नव्हे, भांडणाचा.

१७/
पण आता एक प्रयोग करा. ‘अलबेला’तील नाचाचे कोणतेही गाणे डोळे मिटून आठवा, शब्द बाजूला ठेवा. काय उरते? ठेक्यावर उड्या मारणारे ट्रम्पेट, त्याला उत्तर देणारे सॅक्सोफोन, बोंगोचा खळखळाट, गायकाच्या ओळीचा शेवट होताच झेप घेणारा वाद्यांचा तुकडा. लग्नातील बँडमास्तर नेमके हेच वाजवितो, कारण त्याच्याजवळ गायक बहुधा नसतोच! गटाने विचारायचे आणि गटाने उत्तर द्यायचे ही मांडणी पेटीवर सुचत नाही. ती ज्याने वर्षानुवर्षे हॉटेलच्या मंचावर वाद्यवृंद चालविला त्याच्या हातून येते.

१८/
सी. रामचंद्रांना हे ठाऊक होते. म्हणूनच ‘अलबेला’त चिक आणि त्यांचे वादक झालरींच्या बाह्यांचे सदरे घालून पडद्यावरही दिसतात. मास्टर भगवान आणि गीता बाली नाचतात आणि मागे वादक खरोखरच वादक आहेत, कोट चढवून उभे केलेले ज्युनिअर आर्टिस्ट नव्हेत. हा मान त्या काळी क्वचित कोणाला मिळाला. चेहरा दिसला, नाद ऐकू आला. नाव मात्र ‘सहायक’ या सदरात राहिले.

१९/
येथे हेंडरसन-मिलरचे सूत्र पुन्हा लावून पाहा. तोच माणूस. हॉटेलात वाद्यवृंद त्याचा, म्हणून नाव वर. स्टुडिओत पाळीवर आला, पाटी दुसऱ्याची, नाव खाली. ‘नादान’त संगीत दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बसला, नाव पुन्हा वर. ‘नादान’मधले तलत महमूद यांचे एक गीत तर आजही तलतप्रेमींच्या ओठांवर आहे. ते शांत, मखमली गाणे एका ट्रम्पेटवाल्याचे आहे हे कळल्यावर लोक चकित होतात. १९५२ च्या ‘रंगीली’लाही त्यांचे संगीत होते. कामाचा दर्जा बदलला नव्हता. फक्त खुर्ची बदलत होती.

२०/
यावर नेहमीचा आक्षेप असा : चाल हाच गाण्याचा आत्मा, बाकी सारे वस्त्रालंकार. वस्त्रे शिवणाऱ्याचे नाव कोण लिहितो?

माझे उत्तर असे की ‘आत्मा कोणता’ हा प्रश्न रसिकाचा आहे. इतिहास लिहिणाऱ्याचा प्रश्न निराळा : कोणी काय केले? होट्टलचे मंदिर दात्याच्या श्रद्धेने उभे राहिले हे खरे, तरी खांबावरची मूर्ती दात्याने कोरली असे आपण लिहीत नाही.

२१/
दुसरा आक्षेप : त्या काळी तशीच पद्धत होती, आजचे माप लावू नका.

पद्धत होती हे मान्य. पण ती दगडावरची रेघ नव्हती. १९४९ च्या ‘महल’मधील लताबाईंचे सर्वांत गाजलेले गाणे तबकडीवर आले तेव्हा गायिका म्हणून पात्राचे, ‘कामिनी’चे नाव छापलेले होते! म्हणजे लता मंगेशकरांचेही नाव आपोआप आले नाही. फिल्मफेअर पारितोषिकांत पार्श्वगायनासाठी स्वतंत्र पारितोषिक नव्हते. लताबाईंनी आग्रह धरल्यावर ते सुरू झाले आणि १९५९ मध्ये पहिले त्यांनाच ‘मधुमती’साठी मिळाले. गायकांनी भांडून नाव मिळविले. पाळीवर काम करणारा संयोजक भांडला असता तर दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी दुसरा बसला असता.

२२/
रेडिओनेही हीच उतरंड पक्की केली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. या मराठी मंत्र्याला चित्रपटसंगीतातले पाश्चात्त्य वळण मुळीच रुचत नसे. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले, ‘बिनाका गीतमाला’ उदंड चालली, शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली. (केसकरांवर एक स्वतंत्र थ्रेड व्हायला हवा. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी जे केले तेही मोठे आहे.) मुद्दा असा की ज्या घटकाला ‘परकीय’ म्हणून विरोध झाला, तो बहुतांशी संयोजकाचाच होता. दोष त्याच्या कामाला लागला. मग गाणे लागले की निवेदक चार नावे सांगे : चित्रपट, गायक, गीतकार, संगीतकार. पाचवे नाव नव्हते.

२३/
चिक एकटे नव्हते. सेबास्टियन डिसोझा, जन्म १९०६, रेइश मागूश. फाळणीपूर्वी लाहोरच्या स्टिफल्स हॉटेलात त्यांचा वाद्यवृंद होता. १९४७ ने लाहोर हिरावले आणि ते मुंबईत आले. ओ. पी. नय्यर यांच्याशी त्यांची ओळख लाहोरचीच. पुढे शंकर-जयकिशन यांच्यासाठी त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ संयोजन केले. राज कपूरच्या चित्रपटांतील व्हायोलिनचा तो पूर आठवा : गायिका एक ओळ गाते आणि तिच्यामागे व्हायोलिन दुसरीच, स्वतंत्र ओळ गात असतात. त्यांचे वैशिष्ट्य ते हेच. फाळणीवर आपण इतके वाचतो, पण तिने आपल्या चित्रपटगीतांचा नादही बदलला हे कोठे वाचले आहे का?

२४/
फ्रँक फर्नांड, कुडचड्याचे ट्रम्पेटवादक. १९४६ मध्ये मसुरीला गांधीजींना ऐकून, जॅझ भारतीय रीतीने वाजवायचा असे त्यांनी मनाशी ठरविले. पुढे अनिल विश्वास यांच्यापासून अनेक संगीतकारांचे ते सहायक होते. पण त्यांचे नाव गोव्यात आज घेतले जाते ते दुसऱ्याच कारणासाठी : ‘आमचें नशीब’ (१९६३) आणि ‘निर्मोण’ (१९६६) या कोंकणी चित्रपटांचे ते निर्माते. ‘निर्मोण’वरून पुढच्याच वर्षी हिंदीत ‘तकदीर’ निघाला. पाहिलेत? पाटी स्वतःची झाली, नाव वर आले.

२५/
आणि अँथनी गोन्साल्विस. माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक, संयोजक, प्यारेलाल यांचे शिक्षक. १९५८ मध्ये त्यांनी भारतीय रागांवर आधारित रचना मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेण्याचा धाडसी प्रयोग केला. १९६५ मध्ये ते अमेरिकेत सिराक्यूज विद्यापीठात गेले, परतल्यावर माजोर्ड्यातच राहिले. त्यांचे नाव भारतातील प्रत्येक मुलाला पाठ आहे! कारण १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त प्यारेलाल यांनी गुरूला वंदन म्हणून ते गाण्यात गुंफले. पडद्यावर तो अँथनी देशी दारूचा गुत्ता चालवितो. नावाचा खरा धनी सिम्फनी लिहीत होता. हिंदी चित्रपटाने गोव्याच्या ख्रिस्ती माणसाला बाटली आणि विनोद यांपलीकडे फारसे काही दिले नाही. त्याच चित्रपटांचे कागद मात्र त्याच माणसांनी लिहिले.

२६/
हा इतिहास आज आपल्यापर्यंत आला तो कोणत्या साधनांनी, हेही इतिहासप्रेमींनी पाहावे. ग्रेगरी बूथ यांनी स्टुडिओतील वादकांच्या प्रदीर्घ मुलाखती घेऊन २००८ मध्ये ‘बिहाइंड द कर्टन’ लिहिले. नरेश फर्नांडिस यांनी २०१२ मध्ये ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’मध्ये मुंबईच्या जॅझचा काळ उभा केला. दोन्ही पुस्तके इंग्रजीत, आणि दोन्हींचा मोठा आधार माणसांची स्मृती. सी. रामचंद्रांचे ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र मराठीत आहे. मराठी वाचकाला संगीतकाराची बाजू मातृभाषेत मिळते, संयोजकाची परभाषेत. यात कोणाचे कारस्थान नाही. पण आळस आपला आहे.

२७/
मराठीत ‘संगीत संयोजन’ हा चांगला शब्द रूढ आहे. भावगीतांच्या ध्वनिफितींवर तो दिसू लागला आणि अनिल मोहिले यांच्यासारखे संयोजक रसिकांना नावाने माहीत झाले. म्हणजे आपल्याकडे ही सोय आहे. माझे म्हणणे एवढेच की ती मागेही लावावी. ‘अलबेला’वर लिहिताना ‘संगीत : सी. रामचंद्र’ या ओळीच्या जोडीला चिक चॉकलेट यांचे नाव लिहावे. शंकर-जयकिशन यांच्यावरील लेखात सेबास्टियन यांना एक वाक्य तरी मिळावे. विकिपीडियावरची मराठी पाने आपणच लिहितो, तेथे तर कोणाची परवानगीही लागत नाही.

२८/
१९६६ मध्ये चेतन आनंद यांचा ‘आखरी खत’ आला. राजेश खन्नाचा आरंभीचा चित्रपट म्हणून तो सांगितला जातो. खय्याम यांचे संगीत. त्यात रात्रीच्या क्लबमध्ये गिटार घेऊन तरुण भूपिंदर सिंग स्वतः पडद्यावर गातात. त्या गाण्यात एक ट्रम्पेटवादक दिसतो, पन्नाशीचा, भरल्या गालांचा, डोळे मिटून वाजविणारा. ते चिक चॉकलेट. मे १९६७ मध्ये ते वारले.

२९/
आता तुमची पाळी. तुमच्या गावात, नांदेड-लातूरकडे किंवा कोठेही, लग्नांत वाजविणाऱ्या बँडचे जुने मास्तर असतील. त्यांना वाजविणे कोणी शिकविले, ‘अलबेला’चा तो तुकडा त्यांनी कागदावरून घेतला की कानाने उचलला, एवढे दोन प्रश्न विचारा आणि त्यांची हरकत नसेल तर उत्तर येथे खाली लिहा.

होट्टलच्या शिलालेखांचा थ्रेड पुढच्या रविवारी.